‘जवळ’ म्हणजे नेमकं किती जवळ?

‘आई जवळच राहते, मदतीला आहे.’

इंग्लंडमधल्या एका इस्पितळाच्या कागदावर माझ्या मुलीच्या नावापुढे असं लिहिलेलं होतं. ती आई म्हणजे मी. आणि त्या वेळी मी होते पुण्यात, व्हिसाची वाट पाहत, डिंकाचे लाडू डब्यात भरून बसलेली!

झालं होतं ते असं. बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी घरी सोडण्यापूर्वी तिथल्या परिचारिकेने लेकीला विचारलं, “इज युवर मम क्लोस?” लेक एम. ए. झालेली, इंग्रजी फाडफाड बोलणारी. पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही, कुशीत दीड दिवसाचं बाळ. तिने ‘तुमची आई जवळपास राहते का?’ हा प्रश्न ‘तुमचं आईशी सख्य आहे का?’ असा ऐकला आणि डोळ्यांत पाणी आणून उत्तर दिलं, “ओ येस! वी आर व्हेरी क्लोस.” परिचारिकेने मान डोलावली आणि कागदावर खूण केली. जावयांची नोकरी नवी, रजा चारच दिवसांची. तरी त्या कागदाप्रमाणे घरी मदतीला माणूस होतं!

दोघींपैकी कुणाचीच चूक नव्हती. चूक होती त्या एवढ्याशा शब्दाची. पुढे तीच चूक कशी अंगाशी आली ते सांगणारच आहे. पण तेव्हापासून मला एक छंदच लागला. इंग्रज माणूस ‘जवळ’ म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं, हे मी टिपून ठेवू लागले. पुढे तीन महिने तिथे राहिले तेव्हा वही भरली. आज कितीतरी भगिनींची मुलंबाळं परदेशी आहेत. सुनेच्या, लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आया तर घरटी एक सापडेल. त्यांच्यासाठी त्या वहीतली ही काही पानं.

एक शब्द, दोन उच्चार, चार अर्थ

आधी त्या ‘क्लोस’चीच गोष्ट. दुकानाच्या दारावरच्या पाटीवरचा ‘क्लोज्ड’ आणि जवळचा ‘क्लोस’ हे एकाच घरचे. लॅटिनमध्ये ‘बंद करणे’ या अर्थाचं क्रियापद होतं, ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. दार लावलं की दोन फळ्यांमधली फट बुजते. फट बुजली म्हणजे दोन वस्तू एकमेकींना भिडल्या. अशा रीतीने ‘बंद’चा झाला ‘जवळ’. स्पेलिंग एकच राहिलं. बंद करणं म्हणताना शेवटी ‘झ’, जवळ म्हणताना शेवटी ‘स’, एवढाच काय तो फरक. कपड्यांचं ‘क्लॉजेट’ही याच कुळातलं.

हे मूळ कळलं की पुढचे अर्थ आपोआप उलगडतात. ऑगस्टमधल्या एका दुपारी शेजारच्या आजीबाई पदराने, म्हणजे रुमालाने, वारा घेत म्हणाल्या, “व्हेरी क्लोस टुडे, इझण्ट इट?” मी इकडे तिकडे पाहिलं, कोण जवळ आलं म्हणून! त्यांना म्हणायचं होतं, हवा कोंदट आहे, उकडतंय. दारं-खिडक्या बंद असल्यासारखी हवा, म्हणून ‘क्लोस’. गल्लीच्या नावातही हा शब्द दिसतो. इंग्लंडात अमुक ‘क्लोस’ अशी पाटी असली की बहुधा तो रस्ता पुढे बंद असतो. एडिंबरोच्या जुन्या वस्तीतल्या अरुंद बोळांनाही ‘क्लोस’च म्हणतात. आणि मूठ बंद ठेवणारा तो ‘क्लोस-फिस्टेड’, म्हणजे आपला चिक्कू. पत्ते छातीशी धरून खेळणारा, मनातलं कुणाला कळू न देणारा, त्याच्याबद्दलही हाच शब्द. आपण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतो, त्यातलाच प्रकार.

शेजाऱ्याच्या पोटातला ‘जवळ’

दुसरा शब्द ‘नियर’. हा अस्सल जुन्या इंग्रजीतला. त्या काळी जवळ म्हणजे ‘नाय’, अधिक जवळ म्हणजे ‘नियर’ आणि सर्वांत जवळ म्हणजे ‘नेक्स्ट’. लघु, लघुतर, लघुतम अशी आपण पाठ करतो तशी ही माळ होती. पुढे लोक ‘नियर’चा मूळ अर्थ विसरले आणि साध्या जवळलाच ‘नियर’ म्हणू लागले. मग ‘नियरर’ असा नवा शब्द काढावा लागला. म्हणजे खरं पाहता ‘अधिक-अधिक जवळ’!

आणि ‘नेबर’? त्यातलं ‘ने’ म्हणजे तोच जुना ‘जवळ’ आणि ‘बर’ म्हणजे राहणारा, कसणारा. जवळ राहणारा तो नेबर. मला हे कळलं त्या दिवशी फार बरं वाटलं. नातं नको, जात नको, ओळखही नको. जवळ राहतो एवढ्यावर नाव मिळालं.

‘नेक्स्ट’ मात्र फार घोटाळ्याचा. मूळ अर्थ सर्वांत जवळचा, पण ‘नेक्स्ट थर्सडे’ म्हटलं की पुष्कळ इंग्रज माणसं येता गुरुवार सोडून त्याच्या पुढच्या आठवड्यातला गुरुवार धरतात. येत्या गुरुवारला ती ‘धिस थर्सडे’ म्हणतात. काहीजण मात्र येत्यालाच ‘नेक्स्ट’ म्हणतात! त्यांच्यात त्यांचाही यावरून गोंधळ होतो. आपण ‘येत्या’ आणि ‘पुढच्या’ असे दोन शब्द वापरतो ते किती सोयीचं. बाळाला टोचायला न्यायचं असो की डॉक्टरांची वेळ असो, वार ऐकून कधी फोन ठेवू नये. तारीख विचारून घ्यावी.

मोटार शिकणाऱ्या मुलींसाठी आणखी एक. तिथले शिक्षक ‘नियर साइड’ म्हणतात ती पदपथाची, म्हणजे डावी बाजू. घोड्यावर डावीकडून चढतात, म्हणून घोड्याची डावी बाजू ती ‘जवळची’. घोडे गेले, मोटारी आल्या, शब्द तसाच राहिला. इंग्लंडात आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, त्यामुळे ते जुळतंही.

दगड, कावळा आणि कोपरा

आता अंतराच्या गोष्टी. आपल्याकडे पत्ता सांगताना ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणतात. इंग्रज म्हणतो ‘अ स्टोन्स थ्रो’, दगड फेकला तर जाऊन पडेल इतकं. त्यांच्यातही हाकेचं माप आहे, पण ते ऐकणाऱ्याच्या कानावरून, ‘विदिन इअरशॉट’. आपण हाक मारणाऱ्याच्या गळ्यावरून मोजतो, ते ऐकणाऱ्याच्या कानावरून! ‘ॲज द क्रो फ्लाइज’ म्हणजे कावळा उडेल तसं, सरळ रेषेत. घर विकत घेणाऱ्या-भाड्याने घेणाऱ्यांनी या कावळ्यापासून सावध राहावं. कावळ्याला मध्ये नदी लागत नाही, रेल्वेचं फाटक लागत नाही. घरांच्या जाहिरातीतला दगड तर एखाद्या पहिलवानानेच फेकलेला असतो! ‘शाळा किती दूर’ असं न विचारता, ‘बाबागाडी ढकलत पायी गेलं तर किती मिनिटं’ असं विचारावं.

‘राउंड द कॉर्नर’ हा कोपराही असाच. कधी खरंच वळणावर दुकान असतं, कधी वीस मिनिटं चाललं तरी कोपरा संपत नाही. ‘डाउन द रोड’ म्हणजे याच रस्त्यावर असंही नाही. अंतराचे हे शब्द मग काळालाही लागतात. ‘ख्रिसमस इज राउंड द कॉर्नर’ म्हणजे नाताळ तोंडावर आला. आपण ‘तोंडावर’ म्हणतो, ‘उंबरठ्यावर’ म्हणतो. त्यांच्याकडेही ‘ऑन द डोअरस्टेप’ आहेच. नळ दुरुस्त करणारा ‘इन द रीजन ऑफ टू हंड्रेड पाउंड्स’ म्हणाला, तर दोनशेच्या आसपास. आसपास वर किती जाईल ते आधी ठरवून घ्यावं आणि लिहून घ्यावं. कारागीर इथला काय न् तिथला काय!

थोडक्यात वाचलो

जवळचा शब्द ‘होता होता राहिलं’ हे सांगायलाही कामी येतो. दाढी करताना वस्तरा कातडीला घासून गेला, कापलं मात्र नाही, यावरून आलं ‘क्लोस शेव्ह’. केसाच्या रुंदीने वाचलो, मिशीच्या केसाने हुकलं, अशी मापंही आहेत. आपणही ‘केसाने वाचलो’ म्हणतोच की. ‘नियर मिस’ ऐकून मला वाटे, जवळजवळ चुकलं म्हणजे लागलंच! पण तसं नाही. चुकलंच, फक्त अगदी जवळून. अमेरिकेत ‘क्लोस, बट नो सिगार’ म्हणतात. जत्रेतल्या नेमबाजीत सिगार बक्षीस असे, नेम थोडक्यात हुकला की सिगार नाही, अशी त्याची कथा सांगतात.

क्रिकेट पाहणाऱ्या भगिनींना ‘सिली पॉइंट’ ठाऊक असेल. सिली म्हणजे वेडगळ. फलंदाजाच्या इतक्या जवळ उभं राहायचं की शहाण्या माणसाने राहू नये, म्हणून ती जागा वेडी! तिथल्या आसपासच्या जागांवर आपला एकनाथ सोलकर उभा राहायचा. सत्तावीस कसोटी सामन्यांत ५३ झेल. १९७१ साली ओव्हलवर ॲलन नॉटचा त्याने घेतलेला झेल आमच्या पिढीने रेडिओला कान लावून ‘पाहिला’. 

जवळिकीचा आणखी एक शब्द तर खुद्द आपल्या रायगड जिल्ह्यात येऊन गेला. परग्रहावरच्यांशी गाठ पडण्याला हायनेक नावाच्या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १९७२ साली ‘क्लोस एन्काउंटर’ म्हटलं. त्यावरून स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी १९७७ साली चित्रपट काढला, त्यातला भारतातला प्रसंग खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झाला होता.

आणि ‘निअरली’! आपल्या ‘जवळजवळ’ची ही सख्खी बहीण. बाळंतिणीच्या खोलीत सुईण म्हणते, “निअरली देअर!” लेक सांगत होती, “आई, पहाटे चारला पहिल्यांदा म्हणाली आणि बाळ झालं साडेसातला!” मी म्हटलं, अगं, आपण नाही का रिक्षात बसायच्या आधी फोनवर ‘हे काय, पोचलेच’ म्हणत? धीर द्यायचा शब्द तो, घड्याळाचा नव्हे.

माणसांमधलं अंतर

माणसांच्या बाबतीत इंग्रजी थोडी काटेकोर आहे. जिवलग मैत्रीण ‘क्लोस फ्रेंड’. ‘नियर फ्रेंड’ कुणी म्हणत नाही. उलट लवकरच येणारा काळ ‘नियर फ्यूचर’. तिथे ‘क्लोस’ चालत नाही. नातेवाईक मात्र ‘नियर’ही असतात आणि ‘क्लोस’ही. आपल्यासारखेच लांबचे चुलतभाऊ त्यांनाही असतात, ‘डिस्टंट कझिन’ म्हणून. बोलणं जिव्हारी लागलं तर ते ‘क्लोस टू द बोन’, हाडापर्यंत गेलेलं.

आणि एखाद्याला चार हात दूर ठेवायचं तर ते एकच हात दूर ठेवतात, ‘ॲट आर्म्स लेंग्थ’! हे हाताचं अंतर तिथे खरोखरच पाळतात. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ सालच्या आपल्या पुस्तकात अमेरिकन माणसांची मापंच दिली आहेत. दीड फुटाच्या आत फक्त अगदी घरची माणसं. दीड ते चार फूट मित्रमंडळी. चार ते बारा फूट कामापुरती ओळख. आपल्या लोकलच्या महिला डब्यात ही मापं घेऊन कुणी चढावं! २०२० साली करोनाच्या साथीत तर सरकारनेच इंग्लंडात दोन मीटर आणि अमेरिकेत सहा फूट अंतर ठेवायला सांगितलं, तेव्हा ‘जवळची माणसं’ हा शब्द जगभर सगळ्यांनाच टोचला.

आपला ‘जवळ’ नेताना जपून

जशी त्यांची ‘जवळ’ आपल्याला चकवते, तशी आपली ‘जवळ’ त्यांना. मराठीत जवळ म्हणजे मालकीसुद्धा. ‘माझ्याजवळ पैसे नाहीत’, ‘आईजवळ सांगितलं’, ‘तिच्याजवळ किल्ली आहे’. हे शब्दशः इंग्रजीत नेलं की ‘देअर इज नो मनी नियर मी’ असं होतं आणि ऐकणारा बिचारा जमिनीवर नोटा शोधू लागतो! इंग्रजीत असलेलं-नसलेलं ‘हॅव’ने सांगायचं. माझ्याजवळ औषध आहे, म्हणजे ‘आय हॅव द मेडिसिन’. इस्पितळात हा फरक फार महत्त्वाचा.

तसाच दुसरा शब्द ‘नेक्स्ट ऑफ किन’. अर्थ सर्वांत जवळचा आप्त. तिथल्या प्रत्येक अर्जात हा रकाना असतो. आपल्या मुली भाबडेपणाने त्यात सासरे नाहीतर वडील लिहितात आणि पुढे पुण्याचा नाहीतर कोल्हापूरचा पत्ता! इंग्लंडात शहाण्यासुरत्या रुग्णाला तिथे कुणाचंही नाव देता येतं, रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नाही. केवळ तिथे नाव आहे म्हणून त्या व्यक्तीला उपचारांचा निर्णय घेण्याचा अधिकारही मिळत नाही. बातमी कुणाला द्यायची, धावत कोण येऊ शकेल, एवढाच मुख्यतः त्याचा उपयोग.

त्या रात्री

आता राहिलेली गोष्ट. मुलगी घरी आल्यावर पाचव्या रात्री तिला थंडी वाजून ताप भरला. जावई रात्रपाळीला, कामावर फोन उचलता येत नाही असे. इंग्लंडात रात्रीचे तीन, पुण्यात सकाळचे साडेसात. मी देवपूजा करत होते. फोनवर तिचे दात वाजताना ऐकू येत होते.

“अगं, शेजारी कुणी आहे का?”

“एक आजी आहेत. पण आई, त्यांच्याशी माझी काही ओळख नाही. दोनदा फक्त भेटल्या. ‘आय ॲम ओन्ली नेक्स्ट डोअर’ एवढंच म्हणाल्या.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी शेजारीच राहते.”

“ते तर त्यांचं दार दिसतंच आहे ना तुला! दिसतंय ते दोनदा कशाला सांगतील? जा, दार वाजव!”

मला इंग्रजी तेव्हा फारसं येत नव्हतं. पण बाईने बाळंतिणीला दोनदा सांगितलेलं वाक्य पत्ता सांगण्यासाठी नसतं, एवढं कळत होतं. तिने बाळ उचललं आणि दार वाजवलं. आजीबाई गाऊनवर शाल घेऊन आल्या. काही विचारलं नाही. बाळ आपल्याकडे घेतलं, हिला खुर्चीत बसवलं आणि एकशे अकरा नंबरला फोन लावला. तिथे तातडीचा सल्ला देणारी ती सरकारी सेवा आहे. त्यांनी ताबडतोब इस्पितळात यायला सांगितलं. जंतुसंसर्ग झाला होता. सकाळपर्यंत थांबलो असतो तर? तो विचार मी अजूनही पुरा करत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप, थंडी आली तर सकाळची वाट पाहायची नाही, हे प्रत्येकीने गाठीला बांधून ठेवावं. देश कुठलाही असो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद चाळला आणि विचारलं, “तुमची आई जवळ राहते ना? त्या कुठे आहेत?” तेव्हा कुठे तो ‘क्लोस’चा घोळ उघडकीला आला. त्यानंतर सुईण घरी यायची ती नेमाने, जास्त वेळा आली.

एवढं लक्षात ठेवा

परदेशी असलेल्या आपल्या लेकी-सुनांना हे कापून, फोटो काढून, कसंही पाठवा.

• ‘क्लोस’ कानावर पडलं आणि शंका आली, तर सरळ विचारावं : ‘डू यू मीन, डझ शी लिव्ह निअरबाय?’ राहण्याची जवळीक सांगायला ‘निअरबाय’ हा शब्द निर्धोक. मनाच्या जवळिकीला तो कुणी वापरत नाही.

• इस्पितळात आपणहून स्पष्ट सांगावं : ‘माय मदर इज इन इंडिया. आय हॅव नो हेल्प ॲट होम.’ यात कमीपणा काही नाही. कुणी मदतीला नाही असं सांगणं ही तक्रार नव्हे, माहिती आहे.

• वारावर न जाता तारीख, अंतरावर न जाता मिनिटं, ‘आसपास’वर न जाता आकडा विचारावा.

• तातडीच्या संपर्कासाठी पंधरा मिनिटांत येऊ शकेल अशा माणसाचं नाव द्यावं. अर्थात त्याला आधी विचारून.

• ‘आय ॲम ओन्ली नेक्स्ट डोअर’ कुणी म्हणालं, तर त्याचा अर्थ ‘केव्हाही हाक मारा’ असा असतो. दुसऱ्या दिवशी वाटीभर शिरा घेऊन जावं आणि फोन नंबर मागून आणावा.

मी पोचले तेव्हा नात तीन आठवड्यांची झाली होती. आजीबाईंना मी डिंकाचा लाडू दिला. त्यांनी तो चहात बुडवून खाल्ला आणि छान म्हणाल्या. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. नंतर एकदा लेकीने इस्पितळाचा नवा अर्ज भरला तो मी पाहिला. ‘नेक्स्ट ऑफ किन’च्या रकान्यात पहिलं नाव जावयांचं होतं. दुसरं आजीबाईंचं. माझं कुठेच नव्हतं.

क्षणभर मन जरा खट्टू झालं, खोटं कशाला सांगू? पण मग वाटलं, बरोबरच आहे. मी तिच्या अगदी ‘क्लोस’ आहे. पण रात्री तीन वाजता दार वाजवायला ‘नियर’ माणूसच लागतं.